‘बोध’ शब्दाचें अर्थांतर

बोरघाटाच्या पायथ्याच्या कर्जत-खालापूर मुलखांत, राजमाची किल्ल्याखालीं, कोंडाणें येथें बौद्ध लेणीं आहेत. तेथील चैत्यगृह इसवी सनापूर्वीचें आहे. त्याच्या दर्शनी भागीं एका भग्न मूर्तीच्या मस्तकाजवळ ब्राह्मी लिपींतील एक ओळ आहे. कण्हाचा अंतेवासी बलक यानें हें केलें, एवढाच तिचा अर्थ. अंतेवासी म्हणजे जवळ राहणारा, अर्थात् शिष्य. कण्ह हा शिल्पाचा गुरु असो वा धर्माचा, त्याच्या सान्निध्यांत राहिलों, हीच बलकानें आपली ओळख मानली.

ज्या धर्मासाठीं हें लेणें कोरलें, त्याचें नांव ‘बुध्’ म्हणजे जागें होणें, या धातूवरून आलें आहे. ‘बोध’ त्याच धातूचा. ‘ज्ञान’ शब्द ‘जाणणें’ या अर्थाच्या धातूपासून झाला. जाणण्यास एखादा विषय लागतो. जागें होण्यास झोप तेवढी जावी लागते. हा भेद ज्ञानदेवांस पूर्ण अवगत होता. शके 1212 (इ. स. 1290) मधील ज्ञानेश्वरीच्या सोळाव्या अध्यायारंभीं त्यांनीं श्रीगुरूंस सूर्य कल्पिलें आहे. हा सूर्य ज्ञान आणि अज्ञान या दोन्ही चांदण्या गिळतो आणि ज्ञानियांस स्वबोधाचा दिवस दाखवितो. पंथ निराळा झाला, तरी जागृतीची कल्पना कायम राहिली.

दासबोध हा दोनशें समासांचा गुरुशिष्यसंवाद. त्याच्या नांवांत हा शब्द परमार्थाच्या अर्थानें आला आहे. परंतु एकोणिसाव्या दशकाच्या आरंभीं समर्थ ‘बाळबोध’ अक्षर कसें वळवावें हें सांगतात. तेथें तोच शब्द मुलांच्या लिपीस लागला आहे. पुढें प्रार्थना समाजाची ‘सुबोध पत्रिका’ 1873 सालीं आणि विनायक कोंडदेव ओक यांचें ‘बालबोध’ मासिक 1881 सालीं निघालें. ज्या घरांजवळ गुरु नव्हता, त्यांच्यापर्यंत शिकवण छापील कागदानें पोंचली. यास अवनति म्हणणें अन्यायाचें होईल.

तथापि भाषेनें तीन प्रयोग अजून वेगळे राखले आहेत. ‘मला बोध होतो’ हा प्रयोग ‘मला जाग येते’ यासारखाच. त्यांत माणूस कर्ता नाहीं. ‘बोध करणें’ हें उपदेशकाचें काम. ‘बोध घेणें’ हें ऐकणाऱ्याचें. आज पाठ्यपुस्तकांतील गोष्टीअखेर मुलास विचारतात तो हा तिसरा बोध. मूल एका वाक्यांत उत्तर लिहितें, त्यास गुणही मिळतात, आणि गोष्टीनें त्याच्या मनांत कांहीं जागें झालें कीं नाहीं, हें विचारावयाचें राहून जातें. तो प्रश्न कागदावर तपासतां येत नाहीं. त्यासाठीं मुलाजवळ कोणी तरी राहावें लागतें. बलकाच्या त्या एका ओळींत हेंच गृहीत धरलेलें आहे.