मनोंग
१. मनोंग : इलोकानो भाषेत थोरल्या भावाला मारायची हाक, आपल्या ‘दादा’सारखी. इथे मात्र ती एका अख्ख्या पिढीची ओळख आहे. १९२० आणि १९३०च्या दशकांत कॅलिफोर्नियाच्या शेतांत राबायला गेलेले हे फिलिपिनो तरुण. सोबत बायका फारच थोड्या. त्यात १९३३ साली गोऱ्या स्त्रीशी विवाह करण्याची कायद्याने बंदी झाली. ती १९४८मध्ये उठली, तोवर अनेकांचं लग्नाचं वय सरलं होतं. म्हणून ही हाक ऐकताना मला नेहमी गलबलतं : घर नसलेल्यांना नातं देणारा हा शब्द आहे. कॅलिफोर्नियातल्याच डेलानोच्या द्राक्षमळ्यांतला संप ८ सप्टेंबर १९६५ रोजी याच उतारवयातल्या माणसांनी, कामगारनेते लॅरी इटलियाँग यांच्या पुढाकाराने, सुरू केला. सेझर चावेझ यांची, मुख्यतः मेक्सिकन-अमेरिकन शेतमजुरांची संघटना आठवडाभराने त्यात उतरली. हा क्रम अनेकदा उलटा सांगितला जातो. — संपादक