तळटीप : ‘४८ तासांचा रिपोर्ट’

कोविड चाचणीच्या अहवालाचे हे तास स्वॅब दिल्यापासून मोजत, अहवाल हाती आल्यापासून नव्हे. ऑगस्ट २०२१ मध्ये अमिरातीने भारतातल्या प्रवाशांना अटींवर प्रवेश खुला केला, तेव्हा क्यूआर कोडचा आरटीपीसीआर अहवाल लागेच, शिवाय विमान सुटण्याआधी विमानतळावर रॅपिड पीसीआरही. शिरूर-दौंडकडच्या माणसाला याच ४८ तासांत अहवालाची वाट पाहणे, मुंबई गाठणे आणि रॅपिड चाचणीची रांग, सगळे बसवावे लागे. या पत्राच्या लेखकाची घालमेल म्हणूनच मुळीच अतिशयोक्त वाटत नाही. पारपत्रावर वडिलांचे नाव धरून तीन शब्द आणि अहवालावर दोनच, एवढ्यानेही पोटात गोळा येई.

पत्रात पुढे आलेला ‘पुलापलीकडचा पास’ त्याआधीचा, एप्रिल २०२१ च्या निर्बंधांतला. शिरूरला घोड आणि दौंडला भीमा ओलांडली की तेव्हाचा अहमदनगर जिल्हा लागे. त्यामुळे हाकेच्या अंतरावरच्या नातलगालाही गाडी घेऊन यायला पोलिसांचा ई-पास काढावा लागे. तोही अत्यावश्यक कारणासाठीच मिळे. वर सांगितलेली, भारतातून येणाऱ्यांसाठीची विमानतळावरची रॅपिड चाचणी मात्र दुबईने पुढे फेब्रुवारी २०२२ मध्ये रद्द केली.