शार्दँ यांचे खडूतील आत्मचित्र

स्थिरवस्तुचित्रणासाठी ख्यातनाम असलेले फ्रेंच चित्रकार झां सीमेआँ शार्दँ (१६९९-१७७९) यांना उतारवयात नेत्रविकाराने ग्रासले. तैलरंग सोसवेनासे झाल्यावर त्यांनी रंगीत खडू हाती घेतले. पॅरिसच्या ‘सालों’ प्रदर्शनात १७७१ मध्ये मांडलेले आत्मचित्र याच काळातील आहे. डोक्याला गुंडाळलेले फडके, गळ्यात रुमाल, नाकावर खाली घसरलेला चष्मा आणि त्यावरून प्रेक्षकावर खिळलेली नजर, असे हे घरगुती रूप आहे. जवळून खडूच्या सुट्या रेघा जाणवतात. दुरून त्यांतूनच सुरकुतलेली त्वचा साकारते. अधू झालेली दृष्टी शार्दँ यांनी लपविली नाही. १७७५ च्या आत्मचित्रात तर डोळ्यांवरचा उजेड अडविणारी झडपही कपाळावर दिसते. दोन्ही चित्रे पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहेत.