पाखराच्या पायातले वाळे

१/८
हिवाळा लागला की कोल्हापूरच्या रंकाळ्याकाठी शेपटी हलवत धोबी पक्षी दिसू लागतो आणि उन्हाळ्याच्या तोंडावर नाहीसा होतो. असे पाहुणे येतात कुठून? हे शोधण्यासाठी माणसाने पाखराच्या पायात वाळे घातले. भारतात या वाळ्याचा इतिहास एका मराठा संस्थानापासून थेट शीतयुद्धापर्यंत जातो.

२/८
१८९९. डेन्मार्कमधील शिक्षक हान्स मॉर्टेनसेन यांनी साळुंकीच्या कुळातील पक्ष्यांना ॲल्युमिनियमची क्रमांकित वाळी घातली. तत्त्व साधे होते: वाळ्यावर क्रमांक आणि पत्ता, पक्षी ज्याला सापडेल त्याने कळवावे.

३/८
१९२६. माळव्यातील धार, म्हणजे पवार घराण्याचे संस्थान. तेथील महाराजांच्या पुढाकाराने बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीसाठी रानबदकांना वाळी घालण्यात आली. भारतातील या कामाचा आरंभ तेथून मानला जातो. ज्या काळात संस्थानिकांची बदकांशी गाठ बहुधा बंदुकीच्या टोकावर पडे, त्या काळातली ही गोष्ट.

४/८
पुढे सलीम अली जर्मनीत शिकायला गेले असता हेल्गोलँड बेटावर हे तंत्र शिकून आले. मोठ्या प्रमाणावर काम उभे राहण्यास मात्र तीन दशके लागली. निमित्त ठरला एक आजार.

५/८
१९५७. तत्कालीन म्हैसूर राज्यातील शिमोगा जिल्ह्यात, क्यासनूरच्या जंगलात माकडे पटापट मरू लागली. माणसेही तापाने आजारी पडली. गोचिडीतून पसरणारा हा विषाणू रशियातील एका विषाणूशी मिळताजुळता निघाला. मग तो स्थलांतरित पक्ष्यांनी तर आणला नसेल?

६/८
या शंकेपोटी जागतिक आरोग्य संघटनेने सोसायटीच्या प्रकल्पास साहाय्य दिले. भरतपूरसारख्या ठिकाणी हजारो पक्ष्यांना वाळी घातली गेली. पुढे निधी अमेरिकी लष्कराच्या एका सर्वेक्षणाकडून येऊ लागला.

७/८
तेथेच ठिणगी पडली. पक्ष्यांच्या आडून जैविक युद्धाची तयारी चालली आहे काय, असा प्रश्न वृत्तपत्रांतून उठला आणि १९७४-७५ मध्ये संसदेच्या लोकलेखा समितीपर्यंत पोहोचला. सलीम अलींनाही संशयाची झळ बसली. ज्ञान शुद्ध असले, तरी ते कोणाच्या पैशाने मिळते हा प्रश्न टळत नाही.

८/८
पक्ष्यांनी हा विषाणू रशियातून आणल्याचे सिद्ध झाले नाही. माकडताप मात्र २०१६ मध्ये कोल्हापूरच्या शेजारी, सिंधुदुर्गातील दोडामार्गात पोहोचला. रोगाच्या शोधात घातलेल्या वाळ्यांनी हाती दिले ते पक्ष्यांच्या वाटांचे ज्ञान. पाणथळ जागा वाचवताना आज तेच कामी येते. कारण या वाटेवरचे एक तळे आटले, तरी हजारो मैलांचा प्रवास मोडतो.