साक्षी, ठसा आणि पंचनामा

'साक्षी' म्हणजे ज्याने साक्षात, स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले तो. पाणिनीनेही हा शब्द याच अर्थाने सिद्ध केला आहे. आपण त्याला फारसी 'दार' जोडून 'साक्षीदार' केला, तरी मूळ अर्थ हलला नाही. 'पंचनामा'ची भिस्तही पाहण्यावरच. 'पंच' आपला, 'नामा' फारसी, म्हणजे लेख. पंचांनी पाहायचे, पाहिलेले लिहून घ्यायचे आणि खाली सही करायची. पाच मात्र आता लागत नाहीत. झडतीला कायद्याने दोन पंच पुरतात.

'ठसा'ची जात वेगळी. उमटवणारा साचा तोही ठसा आणि उमटलेली खूण तीही ठसाच. १८५८ साली बंगालमध्ये विल्यम हर्शेलने एका कंत्राटदाराच्या पंजाचा ठसा करारावर घेतला. १८९७ साली कलकत्त्यात बोटांच्या ठशांचे कार्यालय निघाले. ढिगातून नेमका ठसा हुडकता येईल अशी वर्गवारी बसवण्यात अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस यांचा मोठा वाटा. नाव मात्र त्यांचे साहेब हेन्री यांचे लागले. 'अंगठेबहाद्दर' म्हणून लोकांनी हिणवलेला अंगठा तपासाचा आधार झाला. १९८४ साली लेस्टरमध्ये अ‍ॅलेक जेफ्रीज यांना डीएनएवरून माणूस ओळखण्याची रीत सापडली. तिथे बोटाचा संबंध नाही, तरी 'डीएनए ठसे' हेच नाव रुळले. संगणकातल्या फाइलची हॅश व्हॅल्यूही ठशाचेच काम करते: फाइलमधले एक अक्षर बदलले की ती बदलते.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेने झडती आणि जप्तीचे चित्रीकरण सक्तीचे केले. सात वर्षे किंवा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायसहायक तज्ज्ञाने घटनास्थळी जायचे आहे. ही व्यवस्था उभी करायला राज्यांना पाच वर्षांची मुदत आहे. चित्रीकरणासाठीच्या ॲपचे नाव 'ई-साक्ष्य'. म्हणजे पाहण्याचे काम आता कॅमेऱ्याकडेही गेले.

पण कॅमेऱ्याची उलटतपासणी होत नाही, ठशाचीही नाही. नमुना कोणी उचलला, मोहोरबंद कोणी केला, तपासला कोणी, याची उत्तरे माणसालाच द्यावी लागतात. म्हणूनच साक्ष अधिनियम इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत हॅश व्हॅल्यू आणि तज्ज्ञाची सही असलेले प्रमाणपत्र मागतो. प्रयोगशाळांना नवी यंत्रे जरूर द्या. पण आपल्या अहवालासाठी न्यायालयात उभे राहतील असे तज्ज्ञही तितक्याच तातडीने नेमा.