विधिसाहाय्यक समाजकार्य व परिचर्या

कायद्याचे प्राथमिक शिक्षण आणि समाजकार्य किंवा परिचर्या यांचे प्रशिक्षण यांच्या संयोगातून उदयास आलेला सेवाप्रकार. १९६१ च्या अधिवक्ता अधिनियमान्वये न्यायालयात वकिली करण्याचा हक्क अधिवक्त्यांनाच असल्याने यातील कार्यकर्त्याचे काम मुख्यतः खटल्यापूर्वीचे असते. अत्याचारपीडित स्त्री वकिलाकडे जाण्याच्या पुष्कळ आधी दवाखान्यात वा पोलीस ठाण्यात पोहोचते. तेथे ‘पाय घसरून पडली’ एवढीच नोंद झाली, तर पुढे निष्णात वकिलालाही पुरावा उभा करणे कठीण जाते.

महाराष्ट्रात या सेवेची पूर्वपीठिका मुंबई बाल अधिनियम (१९२४) व मुंबई अपराधी परिवीक्षा अधिनियम (१९३८) यांत सापडते. परिवीक्षा अधिकारी आरोपीच्या घरची परिस्थिती पाहून न्यायालयास अहवाल देई. १९३६ मध्ये मुंबईत सर दोराबजी टाटा समाजकार्य विद्यालय (नंतरची टाटा सामाजिक विज्ञान संस्था) स्थापन झाल्यावर अशा कामास प्रशिक्षित माणसे मिळू लागली. याच संस्थेने १९८४ मध्ये मुंबई पोलीस आयुक्तालयात स्त्रिया व मुलांसाठी विशेष कक्ष उघडला. समाजकार्यकर्ती पोलिसांच्या आवारात बसते, पण पोलिसांच्या हुकमतीत नसते, ही त्यातील महत्त्वाची कल्पना होय. त्याच वर्षीच्या कुटुंब न्यायालय अधिनियमाने समुपदेशकांना न्यायालयाच्या रचनेतच स्थान दिले.

परिचर्येची बाजू मागाहून पुढे आली. २००० च्या सुमारास वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात मुंबई महानगरपालिका व ‘सेहत’ ही संशोधन संस्था यांनी ‘दिलासा’ केंद्र सुरू केले. जखमेमागील हिंसा ओळखण्याचे व रुग्णेला केंद्राकडे पाठविण्याचे शिक्षण तेथील परिचारिकांना देण्यात आले. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्याने संरक्षण अधिकारी व नोंदणीकृत सेवासंस्था यांना घटनेचा अहवाल लिहिण्याचा अधिकार दिला, तर वैद्यकीय संस्थांवर उपचाराचे दायित्व टाकले. अमेरिकेत मात्र न्यायवैद्यक परिचारिकांची स्वतंत्र संघटना १९९२ मध्येच स्थापन झाली होती.

ग्रामीण भागातील स्थिती निराळी आहे. उस्मानाबाद (२०२३ पासून धाराशिव) जिल्ह्याच्या लोहारा तालुक्यातील, निम्न तेरणा धरणाचे माकणी हे गाव ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपाच्या क्षेत्रात येते. भूकंपानंतर लातूर-उस्मानाबाद भागातील घरदुरुस्तीच्या शासकीय कार्यक्रमात ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ या संस्थेमार्फत गावोगावच्या स्त्रिया ‘संवाद सहायक’ झाल्या. अनुदानाचे नियम समजावून सांगणे, हे विधिसाहाय्याचेच काम त्यांनी त्या पदनामाशिवाय केले.

संविधानाच्या अनुच्छेद ३९-क मधील (१९७६) मोफत विधिसाहाय्याचे तत्त्व विधी सेवा प्राधिकरण अधिनियमाने (१९८७, अंमल १९९५) जिल्हा व तालुका पातळीवर नेले. त्याखालील २००९ च्या योजनेत अंगणवाडी सेविका, शिक्षक, समाजकार्याचे विद्यार्थी इत्यादींना अल्प प्रशिक्षण देऊन विधी स्वयंसेवक नेमतात. त्यांना वेतन नव्हे, मानधन मिळते. त्यामुळे माकणीसारख्या गावात मारहाणीची गोष्ट जिच्या कानी प्रथम पडते ती आशा कार्यकर्ती किंवा परिचारिका ही कायद्याच्या साखळीतील पहिली साक्षीदार असली, तरी तिच्यासाठी या सेवेचे वेतनश्रेणी असलेले स्वतंत्र पद निर्माण झालेले नाही.