फाशीचा दोर आणि आपण

काळाचौकीच्या अभ्युदयनगरात शहीद भगतसिंग मैदान आहे. परकीय राज्यसत्तेने २३ मार्च १९३१ रोजी लाहोरच्या तुरुंगात ज्याला फासावर चढविले, त्याचे हे नाव. २००६ साली खैरलांजीनंतर याच मैदानाशेजारून आम्ही मोर्चाला निघालो. 'फाशी द्या' म्हणत मीही घसा फोडला. त्या संतापाची मला लाज वाटत नाही. परंतु ती मागणी इतिहासाच्या उजेडात तपासणे भाग आहे.

मनुस्मृतीने देहदंडातही वर्ण पाहिला. ब्राह्मणाला प्राणदंडाऐवजी मुंडन सांगितले, इतरांना मात्र मरण. हा ग्रंथ २५ डिसेंबर १९२७ रोजी बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली महाडला जाळला गेला. त्याच बाबासाहेबांनी ३ जून १९४९ रोजी घटना समितीत फाशीची शिक्षाच रद्द करावी, असे मत मांडले. अहिंसा हे नीतितत्त्व म्हणून लोक मानतात, तर ते शक्य तितके पाळावे, हा त्यांचा मुद्दा होता. आपण बाबासाहेबांचे पुष्कळ काही पाठ केले. हे मात्र विसरलो.

खैरलांजीत २९ सप्टेंबर २००६ रोजी भोतमांगे कुटुंबातील चौघांची हत्या झाली. सप्टेंबर २००८ मध्ये भंडाऱ्याच्या न्यायालयाने सहा जणांना फाशी सुनावली आणि आमच्या चाळीत समाधानाचा सुस्कारा उमटला. त्याच न्यायालयाने अ‍ॅट्रॉसिटी कायदा लागू होत नाही असे ठरविले, याकडे किती जणांचे लक्ष गेले? २०१० मध्ये नागपूर खंडपीठाने फाशीऐवजी २५ वर्षांची कैद दिली; जातीय हेतू तिथेही मान्य झाला नाही. आम्ही दोर मोजत बसलो आणि खटल्यातून जात निसटून गेली.

दुसरा खटला नाशिकचा. २००३ सालच्या एका दरोडा-खून प्रकरणात भटक्या जमातीतील सहा गरीब मजुरांना पकडले. २००९ साली सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना फाशी ठोठावली. ५ मार्च २०१९ रोजी त्याच न्यायालयाने सर्वांना निर्दोष सोडले. प्रत्यक्षदर्शी साक्षीदाराने पोलिसांकडील छायाचित्रांतून भलत्याच चौघांना ओळखले होते, आणि ही गोष्ट दडपली गेली होती. सोळा वर्षे गेली. भरपाई मिळाली प्रत्येकी ५ लाख रुपये. दोर ओढला गेला असता तर ही भरपाई कोणाच्या हाती ठेवली असती?

कोणी विचारील, मग आमच्या मारेकऱ्यांना मोकळे सोडायचे काय? मुळीच नाही. सुरेखाबाई भोतमांगे यांनी एका मारहाणीच्या प्रकरणात आरोपी ओळखले होते. ते आरोपी जामिनावर सुटले आणि त्याच दिवशी हत्याकांड झाले. फाशी तेव्हाही कायद्यात होतीच. तिने त्या माउलीला वाचविले नाही. साक्षीदाराला संरक्षण, गुन्ह्याची अ‍ॅट्रॉसिटीखाली नोंद आणि जात हे खुनाचे कारण म्हणून निकालपत्रात लिहिले जाणे, या मागण्यांसाठी पुढचा मोर्चा निघाला पाहिजे.